मायनर लीगच्या हॉकीपटूचं करिअर आकड्यांवरून कसं वाचायचं

आइस हॉकीच्या प्लेअरचे स्टॅट्स उघडले की आपली नजर थेट एनएचएलच्या (नॅशनल हॉकी लीग, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) ओळीवर जाते, तिथे ३३ मॅच आणि १ गोल दिसला की "हॅ, काही खास नाही" म्हणून आपण पुढे जातो. तसं करू नका. हा ३३ मॅचवाला म्हणजे विली मार्शल, आणि एनएचएलच्या एकच पायरी खाली असलेल्या एएचएल (अमेरिकन हॉकी लीग) या मायनर लीगमध्ये करिअरमधल्या सगळ्यात जास्त मॅच, गोल, असिस्ट आणि पॉइंट हे चारही रेकॉर्ड याच्याच नावावर आहेत.

आधी कॉलम ओळखा. जीपी म्हणजे खेळलेल्या मॅच, जी म्हणजे गोल, ए म्हणजे असिस्ट. गोल मारणाऱ्याला एक पॉइंट मिळतो आणि त्याला पास देणाऱ्यांनाही एकेक, पण एका गोलमागे जास्तीत जास्त दोघांनाच असिस्ट मिळतो. मार्शलचे ५२३ गोल आणि ८५२ असिस्ट, बेरीज १३७५, हाच पॉइंटचा आकडा. पीआयएम म्हणजे पेनल्टीत बाहेर बसलेली मिनिटं, मारामारी करणारा गडी शोधत नसाल तर सोडून द्या.

आता भागाकार करा. १३७५ भागिले १२०५ मॅच, म्हणजे मॅचला साधारण १.१४ पॉइंट. आकडा पहिल्यांदा किरकोळ वाटतो, मलाही वाटला होता, पण हे १९५२-५३ पासून १९७१-७२ पर्यंत वीस सीझन चाललंय राव! एएचएलमधले एका सीझनचे रेकॉर्ड वेगळ्या लोकांचे आहेत, डॉन बिग्जचे १९९२-९३ मध्ये बिंगहॅम्टनकडून १३८ पॉइंट, स्टेफान लबोचे १९८८-८९ मध्ये शेरब्रुककडून ७० गोल. सीझनचं रेकॉर्ड आणि करिअरचं रेकॉर्ड यांची खिचडी करू नका, अर्धे वाद त्यावरूनच होतात.

मग वर्षाचा कॉलम, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे नेमका तोच सोडतात. १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये टीम होत्या फक्त सहा, म्हणजे सगळे मिळून सव्वाशेच्या आसपास जागा, आणि त्या रिकाम्या होणार कधी तर कोणी जखमी झालं किंवा फारच ढेपाळलं तर. मार्शलला त्या सहातल्या टोरांटोने तुकड्यातुकड्यांनी बोलावलं, थोड्या मॅच खेळवलं आणि परत खाली पाठवलं. नंतर टीम सहाच्या बारा झाल्या तोवर गडी पस्तिशीला टेकला होता. त्यामुळे "वर का नाही टिकला" विचारण्याआधी वर जागा किती होत्या ते बघा.

एकाच वर्षाच्या, एकाच लीगच्या दोन ओळी दिसल्या तर बहुतेक मधेच ट्रेड झालाय, म्हणजे गडी दुसऱ्या टीमकडे गेलाय, दोन्हीची बेरीज करा. प्लेऑफचे (सीझन संपल्यावरच्या बाद फेरीचे) आकडे उजवीकडे वेगळे असतात, ते करिअरच्या टोटलमध्ये धरायचे नाहीत. मार्शलच्या हर्शी बेअर्सने १९५८ आणि १९५९ ला काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला, त्या प्लेऑफमधला एकही गोल वरच्या ५२३ मध्ये नाही.

आणि कुठे "आयएचएल रेकॉर्ड" (आयएचएल म्हणजे इंटरनॅशनल हॉकी लीग, ही वेगळी मायनर लीग) लिहिलेलं दिसलं तर वर्ष आधी तपासा, कारण जुनी आयएचएल २००१ मध्ये बंद पडली आणि २००७ मध्ये दुसऱ्याच एका लीगने तेच नाव घेतलं.