‘लबोरियस’ कुणाला म्हणायचं?

नोकरीला लागून काहीच महिने झाले होते. एका विद्यार्थ्यासाठी इंग्रजीत शिफारसपत्र लिहायचं होतं. मुलगा खरंच कष्टाळू होता. माझ्याकडच्या जुन्या शब्दकोशात ‘कष्टाळू’ला ‘लबोरियस’ दिलेलं सापडलं. शब्द भारदस्त वाटला, म्हणून उचलला आणि लिहिलं, ‘ही इज अ व्हेरी लबोरियस स्टुडंट.’ वरिष्ठ बाईंनी त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, ‘याला शिकवणं फार जड जातं का हो?’ मला आधी प्रश्नच कळला नाही.

शब्दकोश खोटा नव्हता, जुना होता. हा शब्द इंग्रजीत १४व्या शतकाच्या अखेरीस आला, लॅटिन ‘लाबोर’ म्हणजे श्रम यावरून. पूर्वी तो माणसालाही लागायचा आणि कामालाही. जुन्या पुस्तकांत कुणी विद्वान ‘लबोरियस’ असल्याचं वाचलंत तर लेखक चुकला असं समजू नका. आज मात्र तो जवळजवळ फक्त कामालाच लागतो. ज्यात वेळ जातो, अंग मोडतं आणि काम पुढे सरकताना दिसत नाही, ते लबोरियस. मराठीत नेमका शब्द सांगायचा तर ‘जिकिरीचं’.

म्हणून मी मुलांना एक साधी युक्ती सांगते. आधी वाक्य मराठीत म्हणून बघा. ‘कष्टाचं’ किंवा ‘जिकिरीचं’ बसलं तर लबोरियस चालेल. ‘कष्टाळू’ बसलं तर तो शब्द खाली ठेवा आणि हार्डवर्किंग घ्या. हार्डवर्किंग साधा दिसतो म्हणून लोक त्याला टाळतात. मला तो फार आवडतो. जरा ठेवणीतला हवा असेल तर इंडस्ट्रियस आहे, पण घाईत त्याचं ‘इंडस्ट्रियल’ होतं आणि माणूस कारखान्याचा भाग होऊन बसतो. मन लावून, सातत्याने काम करणाऱ्याला डिलिजंट म्हणा. याच्या मुळाशी आवडीने जपणं, मोलाचं मानणं असा अर्थ असलेलं लॅटिन क्रियापद आहे. ‘ही वर्क्स हार्डली’ मात्र कुणाबद्दलही लिहू नका. त्याचा अर्थ तो जवळजवळ कामच करत नाही असा होतो.

आता लबोरियसची भावंडं, कारण खरी गफलत तिथे होते. समजा, हाताने लिहिलेल्या वह्यांमधली चारशे नावं संगणकात भरायची आहेत. अक्षर लागत नाही, प्रत्येक नाव दोनदा तपासावं लागतं, पाठ भरून येते. हे काम लबोरियस. अक्षर स्वच्छ आहे, पण तेच तेच करून जांभया येतात, तर ते टीडियस. एकच काम दोन्ही असू शकतं. तरी लबोरियसमध्ये तक्रार श्रमांची असते, टीडियसमध्ये कंटाळ्याची. डोंगर चढण्यासारखं दमछाक करणारं, कस पाहणारं काम आर्ड्युअस. तिथे थकव्याबरोबर थोडा मानही असतो, लबोरियसच्या वाट्याला तो क्वचितच येतो.

पेन्स्टेकिंगची गंमत वेगळी. त्याच चारशे नावांबद्दल मी दमून बोलले तर ‘इट वॉज अ लबोरियस जॉब’ म्हणेन. माझं काम बघून कुणी कौतुक केलं तर तो पेन्स्टेकिंग म्हणेल. काम तेच, पण एका शब्दात कष्ट मोजले आणि दुसऱ्यात काळजी. अर्जात स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना हे लक्षात ठेवा. ‘मी लबोरियस संशोधन केलं’ हे कुरकुरीसारखं ऐकू येतं. लेबर-इन्टेन्सिव्हमध्ये ना कुरकुर ना कौतुक. मनुष्यबळ जास्त लागतं एवढंच तो सांगतो.

लेखनाला लबोरियस म्हटलं तर ती टीका समजा. वाक्यं ओढूनताणून रचलेली आहेत, वाचणाऱ्याला धाप लागते, असा त्याचा अर्थ. आणि खरोखर धाप लागलेल्या माणसाच्या श्वासाला सहसा ‘लेबर्ड’ म्हणतात.

उच्चार ल-बॉ-रि-अस, जोर ‘बॉ’वर. ‘लेबर’ तोंडात बसलेला असल्यामुळे ‘लेबोरियस’ म्हटलं जातं, ते टाळा. स्पेलिंगमध्येही हाच ‘लेबर’ आडवा येतो. ब्रिटिश पद्धतीत त्यात ‘यू’ असतो, पण लबोरियसमध्ये तो ब्रिटिशही घालत नाहीत. लक्षात राहत नसेल तर लॅबोरेटरी आठवा. तोही याच घराण्यातला, आणि त्यातही तो ‘यू’ नाही.