कंबरदुखीचे सगळे उपचार चालू आहेत तरी फरक नाही? घर, झोप, टेन्शन पण तपासा

माझी कंबर ६ वर्षं दुखतेय. डोंबिवली ते सीएसएमटी रोजचा प्रवास, बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यात औषधं, शेक, पट्टा, फिजिओ सगळं झालं. खरा फरक पडायला लागला तो दुखण्याच्या आजूबाजूला काय चाललंय ते बघायला लागल्यावर, म्हणून कसं बघायचं ते लिहितेय.

'यात मनाचा पण भाग असतो' असं डॉक्टर बोलले तेव्हा मला रडू आलं होतं, वाटलं यांना पण मी नाटक करतेय असंच वाटतंय. तसं नसतं हो. दुखणं १०० टक्के खरंच असतं. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की दुखण्याचा संदेश मेंदूकडे जाताना मणक्यातल्या मज्जारज्जूत एक गेट लागतं, आणि मेंदू वरून ते गेट कमीजास्त उघडू शकतो. भीती, काळजी, अर्धवट झोप याने ते जास्त उघडतं आणि दुखणं जास्त जाणवतं. आणि ३ महिन्यांच्या वर दुखणं राहिलं की बऱ्याचदा मूळ इजा भरून आलेली असते पण नसा आणि मेंदू अजून अलर्टवरच असतात.

पण आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, ते टाळून पुढचं काही करू नका. पाय लुळा पडत असेल, लघवी-संडासवर कंट्रोल जात असेल, बसायच्या जागी बधीर होत असेल, दुखण्याबरोबर ताप असेल किंवा उगाच वजन उतरत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

एमआरआयचा रिपोर्ट घरी बसून स्वतः वाचत बसू नका. 'गादी झिजली' (म्हणजे दोन मणक्यांमधली चकती) वाचलं आणि मी वाकायचंच सोडलं होतं. नंतर कळलं की कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन काढले तरी विशीतल्या साधारण ३७ टक्के लोकांत झीज दिसते आणि ८० वर्षांच्या लोकांत ९६ टक्के. रिपोर्ट घेऊन जा आणि विचारा, माझं दुखणं यामुळेच आहे का आणि मी काय काय करू शकते.

मग २ आठवडे वहीत लिहा. ० ते १० मध्ये दुखणं किती, झोप किती तास, आणि त्या दिवशी काय घडलं, बस. माझ्या वहीत ८ आकडा यायचा तो बहुतेक ऑफिसच्या मंथ एंडला आणि नणंदेकडे पैशांवरून बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी, गर्दीत उभं राहिलेल्या दिवशी उलट ५-६ असायचा! मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, स्वतःच्या अक्षरात दिसलं म्हणून पटलं.

हालचालीचं म्हणाल तर बरं वाटलं म्हणून रविवारी सगळं घर आवरायचं आणि मग ३ दिवस आडवं पडायचं, हे बंद करा. घड्याळ लावून चाला, ७ मिनिटं तर ७च, चांगल्या दिवशी पण ७ आणि वाईट दिवशी पण जमलं तर ७च, मग दर आठवड्याला थोडं वाढवा. दुखेल या भीतीने माणूस हलत नाही, न हलल्याने अंग आखडतं, मग अजून दुखतं, आणि ते चक्र इथूनच तुटतं.

घरच्यांशी बोलणं सगळ्यात अवघड, पण ते टाळू नका. आमच्याकडे सासूबाई म्हणायच्या आम्ही नाही का केलं सगळं, आणि मिस्टर एकदम उलटे, मी आई गं म्हटलं की हातातली बादली काढून घ्यायचे, तू झोप म्हणायचे. टोमण्याने दुखणं वाढतं हे सगळ्यांना कळतं, पण अति काळजीने पण माणूस हळूहळू खाटेला लागतो. मी मिस्टरांना सांगितलं की 'दुखतंय का' असं सारखं विचारू नका, संध्याकाळी माझ्याबरोबर खाली चालायला या. सासूबाईंना एकदा फॉलोअपला सोबत नेलं, डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचं बोलणं बरंच बदललं.

डॉक्टरांकडे आपल्याला जेमतेम ५ मिनिटं मिळतात, म्हणून कागदावर ३ ओळी लिहून न्या. झोप कशी आहे, घरी किंवा कामावर कसलं टेन्शन आहे, आणि काय करता यायला हवंय. 'दुखणं शून्य व्हावं' असं लिहू नका, 'मधे न थांबता ४ मजले चढायचेत' असं लिहा, त्यावरून उपचार ठरवता येतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन लिहून दिली आणि नेटवर डिप्रेशनची गोळी असं दिसलं तरी घाबरू नका, ती नसांच्या दुखण्यावर पण देतात, फक्त डॉक्टरांना न विचारता स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं तर जा, सीबीटी नावाच्या, बोलून करायच्या उपचारात दुखण्याबद्दलचे घाबरवणारे विचार कसे हाताळायचे ते शिकवतात. मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि वही पहिल्या फॉलोअपनंतर फेकून देऊ नका, दुसऱ्या वेळेला डॉक्टर आधी तीच मागतात.