जुन्या स्पीड स्केटिंग स्पर्धांवर लिहिताय? या चुका टाळा

खेळांच्या इतिहासावर मराठीत लिहिणारे वाढलेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या स्पीड स्केटिंगचा, म्हणजे बर्फावर स्केट घालून पळायच्या शर्यतींचा, विषय निघाला की त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात. एक जण चुकतो आणि बाकीचे त्याचाच विजेत्यांचा तक्ता उतरवून घेतात. मूळ नियम वाचायला कोणी थांबत नाही. खरं तर या विषयातली निम्मी गोष्ट त्या नियमातच आहे.

विजेत्याची रिकामी जागा भरून टाकणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते. १८८९ साली आम्स्टरडॅमच्या स्केटिंग क्लबने जागतिक स्पर्धा म्हणून शर्यती भरवल्या. अंतरं तीन होती: अर्धा मैल, एक मैल आणि दोन मैल. तिन्ही जिंकेल तोच जगज्जेता, अशी अट होती. रशियाचा अलेक्झांडर फॉन पान्शिन तिथे गाजला, पण तिन्ही शर्यती काही त्याच्या नावावर लागल्या नाहीत. त्यामुळे विजेता कोणीच जाहीर झाला नाही. १८९० मध्येही तेच झालं. १८९१ मध्ये अमेरिकेचा जो डोनह्यू आला आणि त्या वर्षीच्या चारही शर्यती जिंकून गेला, तेव्हा कुठे पहिलं नाव लागलं.

१८९२ च्या जुलैमध्ये नेदरलँड्समधल्या स्खेवेनिंगनला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा पुढच्याच जानेवारीत आम्स्टरडॅमला झाली. आता अंतरं मीटरमध्ये आली: ५००, १५००, ५००० आणि १०,०००. चारपैकी तीन शर्यती जिंकल्या तरच जगज्जेतेपद. नेदरलँड्सच्या एकोणीस वर्षांच्या याप एडनने पहिली तिन्ही अंतरं जिंकली. दहा हजार मीटर नॉर्वेच्या ऑस्कर फ्रेडरिक्सनने जिंकलं, तरी जगज्जेता ठरला एडनच. १८९४ मध्ये स्टॉकहोमला मात्र तीन शर्यती कोणालाच जमल्या नाहीत, म्हणून त्या वर्षी विजेत्याचा रकाना कोरा आहे. १९०२, १९०३, १९०६ आणि १९०७ ची गोष्टही हीच.

आता हे ऐका. एका दिवाळी अंकासाठी क्रीडा-प्रश्नमंजूषा तपासायला माझ्याकडे आली होती. पाठवणारा मुलगा हुशार आणि उत्साही होता. त्याच्या यादीत १८९४ समोर लिहिलं होतं, ‘बर्फ वितळल्यामुळे स्पर्धा रद्द’. मी विचारलं, हे कुठून आलं? म्हणाला, ‘सर, नाव नव्हतं, म्हणजे स्पर्धा झाली नसणार. आणि नुसती रिकामी जागा बरी दिसत नाही.’ त्याने कारण स्वतःच रचलं होतं, आणि ते इतकं पटण्यासारखं होतं की एका संपादकाने ते आधीच मान्य केलं होतं. स्टॉकहोमला त्या वर्षी चारही अंतरांच्या शर्यती झाल्या, खेळाडू जिवाच्या आकांताने पळाले. एका वाक्यात ते सगळं पुसलं गेलं. घाई करणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

मी काय करतो? तक्ता उघडण्याआधी वहीच्या पानावर त्या वर्षीचा नियम लिहून काढतो: किती अंतरं, किती जिंकायची, निकाल कशावर. मगच नावं भरतो. जागा रिकामी असेल तर स्पष्ट लिहितो, ‘स्पर्धा झाली, जगज्जेता जाहीर नाही.’ यात दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्यावीत.

वेळा शेजारी मांडून माणूस जोखणं

‘१८९३ मध्ये दहा हजार मीटरला वीस मिनिटांहून जास्त लागायचे, आज साडेबारा मिनिटांच्या आत होतं, म्हणजे तेव्हाचे खेळाडू संथ होते.’ असं वाचलं की फार वाईट वाटतं. एडनचंच उदाहरण घ्या. १८९३ च्या जानेवारीत आम्स्टरडॅमला त्याने ५००० मीटर जिंकलं ९ मिनिटं ५९ सेकंदांत. १८९४ च्या फेब्रुवारीत नॉर्वेतल्या हामारला तेच अंतर त्याने ८ मिनिटं ३७.६ सेकंदांत पार केलं. माणूस तोच, मध्ये जेमतेम तेरा महिने, आणि फरक ८१ सेकंदांहून जास्त. एवढा फरक नुसता पायांतल्या ताकदीचा नसतो. नैसर्गिक बर्फ, उघडं मैदान, वारा आणि त्या दिवसाची थंडी, सगळंच घड्याळात उतरतं. आम्स्टरडॅमची धावपट्टी रिक्सम्युझियम या संग्रहालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत होती. आजच्यासारखं छप्पर नाही की यंत्राने गोठवलेला बर्फ नाही. टाचेपासून सुटणारं बिजागरीचं स्केट तर शर्यतींत रुजलं ते थेट १९९० च्या दशकाच्या शेवटी. आणि हामारची ती वेळ १९११ पर्यंत कोणालाही मोडता आली नाही. तुलना करायचीच असेल तर एकाच दिवशी, एकाच बर्फावर पळालेल्यांची करा.

बाकीच्या, थोडक्यात

१८८९ ते १८९१ च्या स्पर्धांना ‘अधिकृत’ म्हणू नका, पण वगळूही नका. डोनह्यूवर अन्याय होतो.

अर्ध्या मैलाला ‘५०० मीटर’ लिहू नका. ते सुमारे ८०५ मीटर भरतं.

१८९६ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये दोन जागतिक स्पर्धा झाल्या. स्पीड स्केटिंगमध्ये एडन, तर फिगर स्केटिंगच्या (बर्फावरच्या कसरती-नृत्याच्या) पहिल्याच जागतिक स्पर्धेत जर्मनीचा गिल्बर्ट फुक्स जिंकला. या दोघांची गल्लत सतत होते.

रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती. एकोणिसाव्या शतकात ती आजच्या दिनदर्शिकेच्या बारा दिवस मागे होती, म्हणून तारीख देताना कोणती ते पाहा.

१९०० ची स्पर्धा ‘ऑस्लो’ला झाली असं लिहू नका. शहराचं नाव तेव्हा क्रिस्तियानिया होतं. ऑस्लो झालं १९२५ मध्ये.

एडनला ऑलिम्पिक विजेता करू नका. स्पीड स्केटिंग ऑलिम्पिकमध्ये आलं १९२४ ला, फ्रान्समधल्या शामोनीत. तोपर्यंत एडन पन्नाशीत पोहोचला होता, आणि पुढच्याच वर्षी गेला. त्याची दुसरी मोठी कामगिरी सायकलची आहे: १८९४ आणि १८९५ मध्ये तो सायकलिंगचाही जगज्जेता होता. ते मात्र जरूर लिहा, कारण तेच बहुतेक लेखांत सुटतं.