टपाली मतदानासाठी फोन करताय? मग या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की अमेरिकेत न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, टेक्सासमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर निरोप फिरू लागतात: ‘शनिवारी दोन तास काढता येतील का? मतदारांना फोन करायचेत.’ उत्साही मंडळी लगेच नावं देतात. लॅपटॉपवर डायलर, म्हणजे यादीतले नंबर लावून देणारा प्रोग्रॅम, उघडतो, समोर स्क्रिप्ट येते, फोन लागू लागतात. पलीकडचा माणूस बहुधा गोडच बोलतो. ‘हो हो, मत देणार आहे, थँक यू.’ फोन करणारा खूश होऊन पुढच्या नावाकडे वळतो. पण ते मत मोजलं जाईलच, असं काही नाही.

टपाली मतदारांच्या यादीतल्या माणसाने बहुतेकदा आधीच अर्ज केलेला असतो, नाहीतर मतपत्रिका त्याच्या घरी येऊन पडलेली असते. त्याला लोकशाहीचं महत्त्व ऐकवून काय मिळणार? त्याचं मत अडलेलं असतं ते बिलांच्या गठ्ठ्याखाली गेलेल्या लिफाफ्यात, राहून गेलेल्या सहीत, किंवा ‘टाकू की सोमवारी’ या वाक्यात. लिफाफा नेमका कुठे अडलाय ते शोधायचं आणि तो पुढे सरकवायचा, एवढंच फोन करणाऱ्याचं काम. पुढच्या बऱ्याचशा चुका हे विसरल्यामुळे होतात.

आपल्या राज्याचा नियम सगळ्यांना सांगणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. भारतात लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोग एक आणि नियमही एक. टपाली मतदान म्हटलं की आपल्याला निवडणूक ड्युटीवरचे शिक्षक आणि सैन्यातले जवान आठवतात. 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांपुढच्या आणि किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता आलं, तेही देशभर एकाच पद्धतीने. अमेरिकेत निवडणूक राज्य घेतं आणि प्रत्यक्ष कारभार काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बघते. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाला फोन लावला की डेलावेअर नदीच्या पलीकडे नियम वेगळा.

पेनसिल्व्हेनियात 2019 च्या ॲक्ट 77 या कायद्यापासून कुणालाही कारण न देता टपालाने मत देता येतं. पण भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री 8 पर्यंत काउंटीच्या हातात पडली पाहिजे. टपालाचा शिक्का कधीचा आहे हे कुणी विचारत नाही. न्यू जर्सीत 2025 च्या नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंतचा नियम असा होता की मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असेल, तर नंतर सहा दिवसांत पोचलेली मतपत्रिकाही धरली जाई. टेक्सासात तर सरसकट टपाली मतदान नाहीच. वय 65 किंवा जास्त, आजारपण वा अपंगत्व, मतदानाच्या काळात काउंटीबाहेर असणं, तीन आठवड्यांच्या आत बाळंतपण, अशी मोजकी कारणं चालतात. ह्यूस्टनमधल्या 40 वर्षांच्या धडधाकट माणसाला ‘घरबसल्या मत द्या’ म्हणणं म्हणजे त्याची दिशाभूल.

मागच्या वर्षीचं ज्ञानही धोक्याचं. उशिरा पोचणाऱ्या मतपत्रिकांसाठी जी काही दिवसांची सवलत असते, ती 2025 या एकाच वर्षात कॅन्सस, नॉर्थ डकोटा, युटा आणि ओहायो या राज्यांनी कायदा करून काढून टाकली. म्हणून 2026 च्या 3 नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी फोनला बसण्याआधी त्या राज्याच्या निवडणूक विभागाचं पान उघडा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून समोर ठेवा: अर्जाची शेवटची तारीख, मतपत्रिका परत पोचण्याची शेवटची वेळ, आणि ड्रॉप बॉक्स (भरलेली मतपत्रिका थेट टाकायच्या पेट्या) असतील तर त्यांचे पत्ते. स्क्रिप्टमध्ये हे दिलेलं असतं, पण एकदा स्वतः ताडून बघा. स्क्रिप्ट लिहिणारीही माणसंच असतात.

‘मत द्याल ना?’ एवढंच विचारून फोन ठेवणं

या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस विरळा. 2008 च्या पेनसिल्व्हेनिया प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) वेळी डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स या संशोधकांनी फोनवरच एक मोठा प्रयोग केला. काही मतदारांना नुसतं मतदानाचं आवाहन केलं. काहींना मात्र विचारलं की किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल. नुसत्या आवाहनाने फारसा फरक पडला नाही. ज्यांनी बेत बोलून दाखवला त्यांच्यात मतदान वाढलं, आणि ते वाढलं मुख्यतः जिथे एकच मतदार राहतो अशा घरांत. हे लगेच पटतं. चौघांच्या घरात कुणी ना कुणी आठवण करून देतं, एकट्याला कोण देणार?

टपाली मतदाराला हेच प्रश्न जरा बदलून विचारा. मतपत्रिका आली का? आत्ता घरात कुठे ठेवलीय? भरायला कधी बसणार, आज जेवणानंतर की उद्या सकाळी? मग टपालाच्या पेटीत टाकणार की ड्रॉप बॉक्समध्ये? दुसऱ्या प्रश्नाला बरेचदा पलीकडे शांतता पसरते आणि खण उघडल्याचे आवाज येतात. घाई करू नका, थांबा. सापडली तर फोन सत्कारणी लागला. नाही सापडली तर बरंच झालं, कारण नवीन मागवायला अजून वेळ आहे. असा एक फोन पाच मिनिटं खातो आणि तासाभरात आकडा कमी दिसतो. दिसू दे. धडाधड स्क्रिप्ट वाचून ठेवलेल्या फोनांचा उपयोग मला कधी दिसलेला नाही.

लिफाफ्याच्या बारकाव्यांना हात न घालणं

बऱ्याच नव्या स्वयंसेवकांना वाटतं की हे सगळं कागदावर छापलेलं असतं, मतदार वाचेल. मतदार वाचत नाही.

पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गोपनीयतेच्या लिफाफ्यात घालायची, तो बाहेरच्या लिफाफ्यात, आणि बाहेरच्यावर सही नि तारीख. आतला लिफाफा वगळून पाठवलेली मतपत्रिका बाद होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या सप्टेंबरमध्ये तसा निकालच दिला. तारखेवरून तिथे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. तुम्ही त्यात पडू नका, ‘आजची तारीख घाला’ एवढंच सांगा. न्यू जर्सीत आतल्या लिफाफ्याला मतदाराच्या सहीचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं. ते जास्तीचा कागद समजून फाडून टाकणारे महाभाग दर वर्षी निघतात. ते जोडलेलंच राहिलं पाहिजे. टेक्सासात 2021 च्या कायद्यानंतर अर्जावर आणि लिफाफ्यावर ओळखपत्राचा नंबर लिहावा लागतो. हा नियम नवा असताना, 2022 च्या मार्चमधल्या प्रायमरीत, तिथल्या सुमारे 12 टक्के टपाली मतपत्रिका नाकारल्या गेल्या. तिथल्या मतदाराला सांगायची सोपी युक्ती अशी की ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, दोन्ही लिहा. म्हणजे नोंदणीच्या वेळी यातलं काहीही दिलेलं असलं तरी जुळेल. फक्त ते आकडे तुम्हाला फोनवर सांगायला लावू नका.

सहीचा घोळ आपल्या लोकांत जास्त. अनेक राज्यांत लिफाफ्यावरची सही नोंदणीच्या सहीशी ताडून बघतात. कुणी नागरिकत्व मिळाल्यावर हौसेने देवनागरीत सही केलेली असते आणि एरवी बँकेत इंग्रजीत करतात. कुणाची नोंदणी लायसन्स काढताना झालेली असते, तिथे पॅडवर बोटाने ओढलेली रेघ हीच ‘सही’. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा प्रश्न वेगळाच. लायसन्सवर आहे तशी सही करा, हा बहुतेक वेळा चालणारा सल्ला. शिवाय अर्जावर आणि लिफाफ्यावर फोन नंबर, ईमेल विचारला असेल तर द्यायला सांगा. सही जुळली नाही तर न्यू जर्सीसारख्या राज्यांत काउंटी मतदाराला कळवते आणि दुरुस्तीची संधी देते, पण कळवायला पत्ता तर हवा. पेनसिल्व्हेनियात ही संधी काउंटीगणिक बदलते.

आणि नवरा-बायकोच्या लिफाफ्यांची अदलाबदल! दोघांची मतपत्रिका एकाच दिवशी येते, दोघं एकाच टेबलावर बसतात, आणि त्याच्या लिफाफ्यावर तिची सही होते. हसू येतं, पण दोन्ही मतं अडकतात.

‘घरातली चारही मतं मीच भरतो’

हे वाक्य ऐकू येतंच, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसतं. घरचे सगळे फॉर्म तोच भरतो, मग हाही भरला. इथे कायद्याचा धाक घालत बसू नका, पण गप्पही बसू नका. ‘काका, ज्याचं त्याने भरायचं आणि ज्याची त्याने सही करायची, नाहीतर सगळ्यांचीच बाद होतील’ असं म्हटलं की लक्षात येतं. आजींना दिसत नसेल, वाचता येत नसेल किंवा अपंगत्व असेल, तर मदतीला माणूस घेण्याचा हक्क व्होटिंग राइट्स ॲक्ट या मताधिकाराच्या केंद्रीय कायद्याच्या कलम 208 ने दिलेला आहे. आपल्या पसंतीचं कुणीही चालतं, फक्त मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी नको. दुसऱ्याची मतपत्रिका नेऊन टाकण्याचे नियमही राज्याराज्यांत वेगळे. ‘मी येऊन घेऊन जातो’ असं सौजन्य दाखवू नका.

आडनाव बघून मराठीत सुरू होणं

याद्या कधीकधी आडनावांवरून वाटून देतात. कुलकर्णी कन्नड बोलणारे निघतात, देसाई गुजराती, आणि जोशी थेट कुमाऊंचे. सुरुवात इंग्रजीत करा. पलीकडून ‘बोला’ आलं की मग मराठी. आणि मराठी सापडली म्हणून ‘तुम्ही मूळचे कुठले’मध्ये वीस मिनिटं घालवू नका. साताऱ्याचे निघालात तरी मतपत्रिका अजून खणातच आहे.

याहून गंभीर गोष्ट नागरिकत्वाची. मत फक्त अमेरिकन नागरिकाला. फोनवर कुणी ‘मी ग्रीन कार्डवर आहे’ किंवा ‘आईबाबा व्हिजिटवर आलेत’ म्हणालं, तर तिथेच थांबा आणि त्यांना नोंदणी वा अर्जाकडे ढकलू नका. चुकून केलेल्या नोंदणीनेही इमिग्रेशनमध्ये मोठं संकट ओढवू शकतं. स्वतःहून कुणाचं स्टेटस विचारूही नका. फोन करणाऱ्याचं मात्र वेगळं आहे. एच-1बीवर असलेल्या माणसालाही उमेदवाराच्या मोहिमेत बिनपगारी फोन करता येतात. देणगी देता येत नाही आणि मोहिमेचे निर्णय घेण्यात भाग घेता येत नाही. संस्था बिगरपक्षीय असेल, तर ‘मग कुणाला देऊ?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका, कितीही हात शिवशिवले तरी.

संशयाने चिडणं

पलीकडचा म्हणतो, ‘तुम्ही स्कॅम कशावरून नाही?’ त्याचं बरोबर आहे. 2024 च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीआधी लोकांना बायडन यांच्या नकली आवाजातले फोन गेले होते. पुढच्याच महिन्यात एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, संमतीशिवाय एआय आवाजात केलेले असे फोन बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. तेव्हा वाद घालू नका. ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या वेबसाइटवर स्वतः बघा’ म्हणा. तुमच्या स्क्रीनवर त्याने मागच्या किती निवडणुकांत मत दिलं हे दिसत असेल, तर ते बोलून दाखवू नका. ही नोंद बहुतेक ठिकाणी कायद्याने मिळते, पण अनोळखी माणसाच्या तोंडून ती ऐकायला कुणालाच आवडत नाही. ‘पुन्हा फोन करू नका’ म्हटलं की तशी खूण करा. राजकीय फोन राष्ट्रीय डू नॉट कॉल (जाहिरातींचे फोन नको असलेल्यांच्या) यादीच्या कक्षेत येत नाहीत खरे, पण त्याच माणसाला चौथ्यांदा फोन गेला तर तो मत द्यायचंच टाळेल. उचलला नाही, चुकीचा नंबर, स्थलांतर, निधन, या खुणाही मन लावून भरा. नवरा गेलेल्या बाईला त्याच्या नावाने फोन जाणं फार वाईट.

अडचण सांगितली, उत्तर माहीत नाही

मतपत्रिका आलीच नाही असं कुणी म्हणालं, तर आधी राज्याच्या ट्रॅकरवर, म्हणजे मतपत्रिका कुठवर आली ते दाखवणाऱ्या वेबपानावर, बघायला सांगा, मग काउंटीला फोन. न्यू जर्सीत मतपत्रिका पाठवतो काउंटी क्लर्क आणि परत घेतं बोर्ड ऑफ इलेक्शन्स. लोक हमखास उलट्या कार्यालयात फोन लावतात. खाडाखोड झाली तरी काउंटीकडून नवीन मागता येते. ‘विचार बदलला, केंद्रावरच जाईन’ म्हणणाऱ्याला न्यू जर्सीत तिथे प्रोव्हिजनल बॅलट (तपासणीनंतरच मोजली जाणारी मतपत्रिका) मिळेल. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आणि परतीचा लिफाफा दोन्ही सोबत नेऊन जमा केले, तर नेहमीसारखं मत देता येतं. बाकी काही अडलं तर ‘विचारून सांगतो’ म्हणा आणि खरोखर विचारून परत फोन करा.

शेवटच्या आठवड्यातही ‘पोस्टात टाका’ म्हणणं

मतपत्रिका पोचायच्या मुदतीच्या किमान एक आठवडा आधी पोस्टात टाका, असं टपाल खातंच सांगतं. शिक्काही पेटीत टाकल्याच्या दिवशीचाच बसेल याची खात्री नाही, तो छाननी केंद्रात बसतो. त्यामुळे मतदानाचा मंगळवार आठवड्यावर आला की स्क्रिप्टमधलं पोस्टाचं वाक्य खोडा. जिथे ड्रॉप बॉक्स आहेत तिथे पुढचे सगळे फोन त्यांचेच: घरापासून सर्वांत जवळचा कुठला, तिथे गाडी लावायला जागा आहे का, ऑफिसच्या वाटेवर पडतो का. पत्त्यांची यादी समोर हवी, कारण मतदार शोधत बसणार नाही. मतदानाच्या दिवशी न्यू जर्सीत हे बॉक्स रात्री 8 ला बंद होतात, तेव्हा सात वाजता फोन उचलणाऱ्याला आधी गाडीची किल्ली घ्यायला सांगा, बाकीचं नंतर.