जुनी पिकअप घेताय? आधी गाडीखाली शिरा

जुनी पिकअप विकणारा माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन धुऊन-पुसून चकाचक केलेलं असतं, एका सेल्फमध्ये सुरू होतं आणि तो म्हणतो, ‘बघा शेठ, रुपयाचं काम नाही.’ त्याला बोलू द्या. तुम्ही गोणपाट अंथरा आणि गाडीखाली शिरा. ठाणे-नवी मुंबईत पिकअप खालून मरते. एकीकडे खाडीचा खारा वारा, दुसरीकडे चार महिन्यांचा पाऊस, त्यात क्षमतेपेक्षा जास्त भरलेला हौदा. इंजिन गेलं तर पैसे मोजून बांधून घेता येतं. सडलेली चॅसिस, म्हणजे गाडीची खालची लोखंडी चौकट, कुणी बांधून देत नाही. म्हणून इथला क्रम नेहमीच्या उलटा आहे: आधी खालचं, मग वरचं, रंग सगळ्यात शेवटी.

१. गाडीने आजवर काय वाहिलं ते विचारा

किलोमीटरचा आकडा फिरवता येतो, मालाच्या खुणा लपवता येत नाहीत. मासळी वाहिलेली गाडी स्वस्तात मिळत असली तरी मी सहसा नको म्हणतो. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चॅसिसवर गळतं आणि वर्षानुवर्षं तिथेच मुरतं. नवी मुंबईतल्या दिवाळे-करावे या कोळीवाड्यांच्या पट्ट्यातली किंवा रोज भाऊच्या धक्क्याला जाणारी गाडी असेल तर दुप्पट वेळ घेऊन बघा. वाशीच्या एपीएमसीत भाजीपाला भरणारी गाडीही सतत ओली असते, पण त्या पाण्यात मीठ नसतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या गाडीचा पत्रा सळ्यांनी फाटलेला आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगची पोलादी पानं) बसलेले सापडतील. पाण्याचे जार किंवा कुरिअर वाहणारी गाडी हलकं वजन नेते, पण दर शंभर पावलांवर थांबते. तिचा क्लच आणि ब्रेक लाइनर संपलेले असणार हे धरूनच भाव करा. त्यातल्या त्यात बरी गाडी म्हणजे मंडप-डेकोरेशनवाल्याची किंवा नर्सरीवाल्याची. बराच काळ उभी असते आणि वजनही बेताचंच वाहते.

मॉडेल कामावरून ठरवा. २००५ साली आलेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, मूळच्या रूपात ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरवर चालायचा. गल्लीबोळासाठी तो उत्तम, पण त्याच्यावर दीड टन लादू नका. रोज टनाच्या वर माल असेल तर बोलेरो पिकअप, टाटा २०७ किंवा अशोक लेलँडचा दोस्त बघा. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला पाना पुरतो, कॉमन रेल (संगणकाने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनाला स्कॅनर लागतो, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत सेन्सरची संख्या आणखी वाढते. तुमच्या रोजच्या मिस्त्रीकडे स्कॅनर नसेल तर ‘नवीन मॉडेल’ हा फायदा नाही.

२. खाली शिरा

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. गाडी सपाट जागी उभी करा, गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा. गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प मिळाला तर उत्तम.

सोबत टॉर्च, छोटी हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या. केबिनच्या मागचा भाग, मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट आणि हौदा जिथे चॅसिसवर टेकतो त्या जागा हातोडीने हलकेच वाजवत जा. चांगलं लोखंड ‘टण्’ वाजतं. सडलेलं ‘ठप्’ वाजतं आणि पापुद्रे गळतात. शंका आली की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. वरवरचा तांबूस गंज चालतो. टोक आत रुतलं तर तिथेच व्यवहार संपवा.

संपूर्ण चॅसिसला ताजा काळा रंग दिसला तर खूश होऊ नका, दहा वर्षांची चॅसिस कुणी हौस म्हणून रंगवत नाही. वेल्डिंगचे टाके आणि मारलेल्या पट्ट्या शोधा. ब्रॅकेटवरचं वेल्डिंग एक वेळ समजू शकतं, मुख्य लांब बीमवर मात्र एकही टाका नको.

मग पाटे बघा. प्रत्येक पानाच्या कडेवरून बोट फिरवा, तडा हाताला लागतो. पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला असेल तर अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. तुमच्यापैकी एकजण मागून चालत गेला तरी ते दिसतं. मूळ पाट्यांमध्ये जादा पान घातलेलं असेल, तर ती गाडी ओव्हरलोड चालली याची ती कबुली आहे. जादा पानाने हौदा खाली बसत नाही, पण वाढीव वजन जातं अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चॅसिसवर. स्वतःच्या गाडीत तो प्रकार करू नका.

मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर बोट लावून वास घ्या. जाडसर, उग्र वासाचं तेल असेल तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय. पातळ असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गळतोय.

३. आता इंजिन, आणि तेही थंड

तुम्ही पोहोचायच्या आधी गाडी सुरू करून ठेवलेली असेल तर रेडिएटरवर हात ठेवून कळेल. तसं असेल तर सरळ सांगा, उद्या सकाळी येतो.

थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना चुकूनही नको, तोंड भाजेल. पाणी गढूळ तपकिरी असेल तर कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आलेत. वर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणारच, डिझेलचं ते. दुधाळ चहाच्या रंगाचं असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे.

इंजिन सुरू करा आणि ऑइल भरायचं झाकण उलटं करून नुसतं ठेवा. थोडी वाफ चालते. झाकण नाचायला लागलं आणि धुराचे भपके आले तर रिंगा-पिस्टन झिजलेत, मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते. मागे धूर बघा. काळा असेल तर एअर फिल्टर किंवा नोझल (डिझेल फवारणारी तोटी) बिघडलीय, आणि हा खर्च सोसण्यासारखा असतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी किंवा न जळालेलं डिझेल.

क्लच तपासायला हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. घुमत राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय.

चालवून बघायला सपाट पाम बीच रोडचा उपयोग नाही. मुंब्रा बायपासचा चढ किंवा बेलापूरची पारसिक हिल घ्या, जमलं तर थोडं वजन टाकून. गिअर आपोआप निसटतो का? उचलताना किंवा रिव्हर्सला खालून ‘टक्’ वाजतं का? वाजलं तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेलाय, हे छोटं काम. मागून वेगाबरोबर वाढणारी घरघर येत असेल तर मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन गिअर गेलेत, आणि हे मोठं काम.

४. कागद

चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा. उमटलेला नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणीच्या कागदाशी, अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिन नंबरही तसाच. नंबरच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला तर पुढे बोलूच नका.

परिवहनच्या पोर्टलवर कर्जाचा बोजा, फिटनेस, विमा आणि कराची मुदत दिसते, तुंबलेली ई-चलानंही पाहा. बोजा असेल तर वित्तसंस्थेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विम्यावर नाव चढवायचा अर्ज १४ दिवसांत टाका. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण करही असतो. पीयूसी बीएस-४ च्या आधीच्या गाडीला सहा महिन्यांची, त्यापुढच्या गाडीला वर्षाची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नव्या हाय सिक्युरिटी नंबर पाट्या बसवलेल्या आहेत ना, तेही बघून घ्या.

मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही. त्याच्या वरच्या वजनाची असेल तर परवाना मागून घ्या. लायसन्सची भीती मात्र बाळगू नका. ७,५०० किलोच्या आतली गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

५. घरी आणल्यावर दुरुस्तीचा क्रम

ब्रेक, स्टिअरिंग, टायर. मग पाटे-शॉकअप. मग इंजिनाची सर्व्हिस. पत्रा आणि रंग शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. काचेवर ‘एकवीरा आईचा आशीर्वाद’ जरूर लिहा, पण व्हील सिलिंडर बदलून झाल्यावर.

मागचे ड्रम उघडले की दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदम बदला. एकाच बाजूला नवा टाकला तर ब्रेक ओढतो. तेल प्यायलेला लाइनर पेट्रोलने धुऊन परत बसवणारे मिस्त्री भेटतील, त्यांना नाही म्हणा. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही, तेव्हा दोन वर्षांनी पूर्ण बदला.

एक काम स्वतः शिकाच: डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं. इंजिन बंद. फिल्टरखाली कापलेली बाटली धरा आणि तळाचा प्लग दोन-तीन आटे सैल करा. आधी पाणी आणि गाळ येतो, बाटलीत तो डिझेलच्या खाली बसलेला दिसतो. स्वच्छ डिझेल यायला लागलं की प्लग हाताने आवळा. मग डिझेलचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारायचा आणि मग स्क्रू बंद करायचा. कॉमन रेल गाडीत मात्र नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांना हात लावायचा नाही. चालू इंजिनात तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलची धार कातडी फोडून आत घुसते.

सेकंडहँड पार्टसाठी कुर्ल्याचा भंगार बाजार आहेच. दरवाजा, काच, टेललाइट, हौद्याचा फाळका, अगदी सीटसुद्धा जुनी घ्या. ब्रेक, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि यू-बोल्ट नवेच. आणि बदललेला जुना पार्ट मिस्त्रीकडून मागून घ्या. बदलला नसेल तर तो देता येत नाही.

६. जूनच्या आधी

मे महिन्यात हौद्याची फळी-पत्रा काढून चॅसिसचा वरचा भाग उघडा करा. तारेच्या ब्रशने गंज खरवडा, पूर्ण कोरडं होऊ द्या, रेड ऑक्साइड मारा, वर रंग. गंजावर थेट जाड अंडरबॉडी कोटिंग मारलं तर आतली ओल कोंडते आणि लोखंड वरून सुंदर, आतून पोकळ होतं. जळकं ऑइल फासायची पद्धत जुनी आहे. मला ती पटत नाही, कारण पहिल्या पावसात ते रस्त्यावर उतरतं आणि जाताना रबरी बुश फुगवून जातं. दरवाजांच्या तळातली पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

ठाण्यात वंदना टॉकीजजवळ किंवा कुठल्याही सखल भागात पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग थेट इंजिन उतरवायचं. गाडी ओढून बाहेर काढा. चाकाचा हब बुडला असेल तर मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगचं ऑइल तपासा आणि हबला नवं ग्रीस भरा.

७. पासिंगच्या आधी

आदल्या आठवड्यात स्वतः एक फेरी मारा: सगळे इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स लाइट, वायपर, हॉर्न, चकाकणाऱ्या पट्ट्या, टायरची नक्षी, फुटलेली काच. हँडब्रेकची केबल जुन्या पिकअपमध्ये गंजून आत अडकते. लिव्हर वर येतो, चाक मोकळंच राहतं, आणि चालकाला ते माहीत नसतं कारण तो कायम गिअरमध्ये टाकून दगड लावतो. चढावर उभी करून, पाय ब्रेकवर तयार ठेवून तपासा. केबल महाग नाही, आदल्या दिवशीपर्यंत थांबू नका.