पान पिवळं पडलं की खत ओतू नका: हायड्रोपोनिक्समधल्या नेहमीच्या चुका

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, टाकीतल्या खताच्या पाण्यावर रोपं वाढवणं. गच्चीवरच्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात पालकाची पानं कडेनं करपायला लागली. उपाशी असतील म्हणून मी खत वाढवलं आणि चार दिवसांत निम्मी रोपं माना टाकून बसली. टाकीत खत भरपूर होतं, मुळांनाच ते घेता येत नव्हतं. तेव्हापासून बाटलीला हात लावण्याआधी मी पाणी तपासतो.

ठिबकचं खत थेट टाकीत

घरी शेती असेल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) ची पिशवी कोपऱ्यात असतेच. 'विद्राव्य आहे, मग चालेल की!' असं वाटतं. मातीत ते छान चालतं. पण त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू युरियाचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करून देतात. नव्याकोऱ्या टाकीत हे काम करणारं कोणी नसतं. वर गंमत अशी की युरियाचे आयन (वीजभारित कण) होत नाहीत, म्हणून ईसी मीटरला, म्हणजे पाण्याच्या वीजवाहकतेवरून त्यातलं खत जोखणाऱ्या यंत्राला, तो दिसतच नाही. आकडा कमी दिसतो आणि आपण आणखी एक चमचा टाकतो. शिवाय या खतात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं ते वेगळंच.

स्वतः मिश्रण करायचं तर कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५, ०:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं, एवढं सगळं ग्रॅममध्ये मोजावं लागतं. पहिल्या वर्षी तयार 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांतल्या द्रव खताची जोडी घ्यावी असं माझं मत आहे. थोडी महाग पडते, पण रोपं वाचतात.

'ए' आणि 'बी' आधीच एकत्र करणं

दोन बाटल्या कशाला सांभाळायच्या म्हणून त्या एकात ओतल्या की पाणी दुधाळ होतं आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. 'ए'मधलं कॅल्शियम 'बी'मधल्या सल्फेटशी जुळून जिप्सम तयार होतं, फॉस्फेटशी जुळलं तरी न विरघळणारा साका उरतो. तो रोपाच्या कामाचा नाही, पंपाची जाळी मात्र तुंबवतो. आधी टाकीत पूर्ण पाणी भरा, 'ए' टाकून नीट ढवळा, मगच 'बी' टाका. मापाची झाकणंही वेगळी ठेवा.

बोअरचं पाणी न मोजता वापरणं

आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. समजा नुसत्या पाण्याचाच ईसी ०.८ आहे आणि लेट्यूसला तुम्हाला १.२ ठेवायचा आहे, तर खतासाठी जागा उरली फक्त ०.४. अशा वेळी निम्मं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा.

जड पाण्याचा खरा त्रास पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणाऱ्या आकड्याचा. तो ५.५ ते ६.५ मध्ये हवा, पण पाण्यातले बायकार्बोनेट त्याला वर ढकलत राहतात. आज ६ वर आणला की उद्या पुन्हा ७ च्या पुढे. तिथे लोह मुळांच्या हाती लागत नाही. मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं चित्र दिसतं. हाच प्रकार खालच्या जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. पीएच उतरवायला पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानं टाका. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

पीपीएमचा आकडा आंधळेपणानं मानणं

टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर ईसीच मोजतो आणि त्याला गुणून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतो. कोणी ५००नं गुणतो, कोणी ७००नं. त्यामुळे १.४ ईसी एका मीटरवर ७०० दिसतो, दुसऱ्यावर ९८०. व्हिडिओतला आकडा उचलण्यापेक्षा ईसीतच बोला. पीएच मीटरचं टोक कोरडं ठेवू नका आणि आरओच्या पाण्यातही बुडवून ठेवू नका, त्याचं साठवणीचं द्रावण मिळतं.

टाकी उतरली की पुन्हा तेवढंच खत

माझा पालक याच चुकीनं गेला. उन्हात रोपं खतापेक्षा पाणी जास्त ओढतात, म्हणून पातळी खाली जाते आणि ईसी वर चढतो. तेव्हा नुसतं पाणी घाला. पातळी आणि ईसी दोन्ही उतरले असतील तरच खत घाला. दोन-तीन आठवड्यांनी टाकी पूर्ण रिकामी करा, कारण ईसी बरोबर असला तरी आतलं प्रमाण बिघडलेलं असतं. ते पाणी कुंड्यांना चालतं.

उन्हाळ्यात टाकीला हातही लावून पाहा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वासाची झाली असतील तर कुठलंही खत कामाचं नाही. सावली, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि प्रकाश आत न जाऊ देणारं झाकण आधी.

पावसाळ्यात कॅल्शियमचा मारा

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं करपली की दुकानदार कॅल्शियम देतो. पण कॅल्शियम पानापर्यंत पोचतं ते बाष्पोत्सर्जनाच्या (पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाण्याच्या) ओढीनं, आणि दमट, कोंदट हवेत ती ओढच मंदावते. रोपांवरून हलका वारा जाईल असा छोटा पंखा लावा.

आणि शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं जीवामृत? जमिनीला जरूर द्या. पाइपच्या सिस्टिममध्ये ओतलंत तर गूळ-बेसनावर वाढणारे जिवाणू मुळांचा ऑक्सिजन खातात आणि दोन दिवसांत टाकीचा वास शेजाऱ्यांपर्यंत जातो.