अभ्यासिकेत पहिल्यांदा प्रॉक्सी लावताय? या चुका टाळा

आर्णीकडच्या आमच्या गावात अभ्यासिकेतल्या आठ कॉम्प्युटरांना मिळून एकच कनेक्शन. पोलीस भरतीचे फॉर्म भरायच्या दिवसांत एकानं रील लावली की बाकीच्यांचं नेट रांगायला लागतं. म्हणून जुन्या डेस्कटॉपवर उबंटू (लिनक्स) टाकून स्क्विड बसवलं. हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर: सगळ्या कॉम्प्युटरांची नेटची मागणी त्याच्यामार्फत जाते आणि नको त्या साइट तिथं अडवता येतात. तासाभराचं काम, माझ्या तीन संध्याकाळी गेल्या.

पहिली चूक तपासण्यातलीच. ज्या मशीनवर स्क्विड, तिथंच ब्राउझर उघडला. पान आलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी पोरं दारातच उभी. "सर, नेट काऊन चालून नाही राह्यलं?" उबंटूवरचं स्क्विड मुळात स्वतःच्या मशीनलाच परवानगी देतं, इतरांना नाकारतं. त्यामुळं चाचणी घ्यायची ती दुसऱ्या कॉम्प्युटरवरून.

मग स्क्विडच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इतरांसाठी परवानगीची ओळ लिहिली, पण ‘सगळ्यांना नकार’ या ओळीच्या खाली. स्क्विड नियम वरून खाली वाचतं आणि पहिला लागू पडला की तिथंच थांबतं. माझी ओळ त्यानं कधी वाचलीच नाही.

इथं खरा घोळ फायरफॉक्सच्या निरोपाचा आहे. प्रॉक्सी कनेक्शन नाकारतेय, असं तो सांगतो. पण नियमानं अडवलं तरी तेच पान आणि त्या पत्त्यावर स्क्विडच नसलं तरी तेच. म्हणून सर्व्हरवर, म्हणजे स्क्विडच्या मशीनवर, अ‍ॅक्सेस लॉग (आलेल्या मागण्यांची नोंदवही) चालता ठेवायचा आणि दुसऱ्या मशीनवर पान उघडायचं. ‘डिनाइड’ आणि ४०३ अशी ओळ आली तर नियम चुकलाय. ‘टनेल’ आणि २०० आली तर गाडी रुळावर. ओळच आली नाही, तर मागणी स्क्विडपर्यंत पोचलीच नाही: पत्ता, ३१२८ हा पोर्ट (स्क्विड ज्या दारावर ऐकतं त्याचा क्रमांक) आणि फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शनं अडवणारी भिंत) पाहा. लॉगमधला पहिला लांबलचक आकडा पाहून घाबरू नका, ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात.

आमच्याकडे एकदा ओळच येईना. रात्री लाइट गेली होती, राउटर नव्यानं सुरू झाला आणि त्यानं सर्व्हरचा १९२.१६८.१.७ हा पत्ता प्रिंटरला देऊन टाकला. आठही कॉम्प्युटर इमानेइतबारे प्रिंटरकडे नेट मागत होते! राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता आधीच राखून ठेवा. लोडशेडिंगच्या गावात हे पहिल्या दिवशीचं काम.

सेटिंगची फाइल बदलल्यावर स्क्विडला ती पुन्हा वाचायला लावावी लागते. नुसती सेव्ह करून भागत नाही. रिस्टार्ट दिलं की अर्धा मिनिट अडकल्यासारखं वाटेल. चालू कनेक्शनसाठी ते ३० सेकंद थांबतं, तेवढ्यात बटण दाबून मशीन बंद करू नका. (मी केलं होतं.)

एकदा पाहिलेला व्हिडिओ साठून राहील ही आशाही सोडा. एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद कनेक्शनमधलं, साध्या स्क्विडला दिसतच नाही, तर ते साठवणार काय? साइटच्या नावावरून अडवता मात्र येतं.

घरून वापरायला म्हणून ३१२८ पोर्ट बाहेर उघडायचा मोह होईल. उघडू नका, कोणीही अनोळखी माणूस तुमच्या कनेक्शनवरून उद्योग करेल आणि विचारणा तुमच्याकडे येईल.

आणि राउटरमध्ये सर्व्हर सोडून बाकी कॉम्प्युटरांचा थेट रस्ता बंद करा. आमच्या एका पोरानं ब्राउझरमधली प्रॉक्सी दोन क्लिकमध्ये काढली आणि मस्त रील पाहत बसला होता.